हवेची सीट कुशन: लांबच्या राइडला खरंच कामाची आहे का?

बाईकच्या सीटवर पट्ट्यांनी बांधायची ती हवेची गादी बघितली असेल तुम्ही, छोटे छोटे फुगीर कप्पे, वरून जाळीचं कव्हर, एका कोपऱ्याला पिळायचा व्हॉल्व्ह. हिच्याबद्दल कुणालाही विचारा, एकजण म्हणेल आयुष्य बदललं राव, दुसरा म्हणेल पैसे पाण्यात गेले, मधलं मत जवळपास नाहीच. माझं म्हणणं असं की दोघंही खरं बोलतायत आणि दोघांच्यातला फरक आहे तो चार-पाच फुंकरींचा. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण या प्रकारच्या गाद्यांचं गणित सगळीकडे सारखंच आहे, आणि मला जे सांगायचंय ते त्या गणिताबद्दल आहे.

आधी ही कुणासाठी ते सांगतो. दोन-तीन तास फिरून घरी येणार असाल तर हे सगळं वाचायची गरजच नाही, कंपनीची सीट पुरते. मी बोलतोय ते दिवसभर आणि मग रात्रीही चालवणाऱ्यांबद्दल. अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनची, म्हणजे लांब पल्ल्याच्या बाईकवाल्यांच्या संघटनेची, सॅडलसोर १००० ही राइड बहुतेकांना माहीत असते, २४ तासांत १००० मैल, म्हणजे साधारण १६०९ किलोमीटर. आता हिशोब करा, सरासरी येते ताशी ६७ च्या आसपास, ऐकायला काहीच नाही. पण ती सरासरी पेट्रोल, जेवण, लघवी, डुलकी सगळं धरून आहे. एकूण ४ तास थांबलात तर उरलेल्या २० तासांत ताशी ८० राखावी लागते, आणि हायवेला ट्रॅफिक, टोल, पाऊस धरून ८० ची सरासरी म्हणजे मजा नाही. त्यात बूड दुखतंय म्हणून दर तासाला पंधरा मिनिटं उतरून येरझाऱ्या घालायला लागलात की संपलं. त्याच्या पुढचं बन बर्नर गोल्ड तर २४ तासांत १५०० मैल, तिथे थांबे धरूनच सरासरी १०० च्या वर जाते. म्हणून या लोकांच्या गप्पा इंजिनच्या सीसीवर कमी आणि सीटवर जास्त चालतात. वेग वाढवून वेळ वाचत नाही, थांबे कमी करून वाचतो.

बरं, दुखतं का? माणूस बसतो तो मुख्यतः दोन हाडांवर, बुडाखाली दोन्ही बाजूंना हाताला लागतात ती. वरचं सगळं वजन त्या दोन छोट्या जागांवर येतं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त नीट पोचत नाही, आधी जळजळ, मग ठणका, मग बधिरपणा. खुर्चीत आपण नकळत सारखे चुळबुळ करत असतो म्हणून कळत नाही, बाईकवर त्याच जागी तासन्‌तास. शोरूममध्ये जी सीट गुबगुबीत वाटते तीच अशा वेळी दगा देते, कारण मऊ फोम तासाभरात पूर्ण दबतो आणि खाली सीटचा प्लास्टिकचा तळ लागायला लागतो. टणक पण पसरट सीट सुरुवातीला रुक्ष वाटते पण पाचव्या-सहाव्या तासाला तीच बरी पडते.

हवेच्या गादीची आयडिया मुळात व्हीलचेअरवाल्यांसाठीच्या कुशनची आहे, ज्यांना कुशी बदलता येत नाही त्यांना जखमा होऊ नयेत म्हणून बनवलेली. कप्पे आतून एकमेकांना जोडलेले असतात, जिथे दाब जास्त तिथली हवा शेजारच्या कप्प्यांत सरकते, त्यामुळे हाडाखालचा दाब आपोआप आजूबाजूच्या मांसावर वाटला जातो. आणि बाईक हलत असते, खड्डा आला, वळण आलं, तुम्ही जरा कलंडलात, की हवा परत इकडून तिकडे. फोम आणि जेलला हे जमत नाही, ते दबले की दबले.

आता मुख्य मुद्दा. ही गादी जवळजवळ रिकामी असतानाच काम करते. लोक बॉक्समधून काढतात, फुगवून टम्म करतात, वर बसतात आणि म्हणतात ही काय फालतू वस्तू, चेंडूवर बसल्यासारखं वाटतंय. बरोबरच आहे, टम्म भरल्यावर कप्पे कडक होतात, हवेला सरकायला जागाच नाही, वर तुम्ही डुगडुगणार ते वेगळं. पद्धत अशी: गादी अर्धवट फुगवून पट्ट्या आवळायच्या, पूर्ण रायडिंग गिअर घालून, हेल्मेटसकट, बाईकवर नेहमीच्या पोझिशनमध्ये बसायचं, पाय फुटपेगवर (कुणीतरी बाईक धरा किंवा मेन स्टँडवर घ्या), आणि एका हाताने व्हॉल्व्ह हळूच उघडायचा. फुस्स करून हवा जायला लागते, तुम्ही अगदी सावकाश खाली बसत जाता. दुसरा हात बसल्या जागी हाडाखाली सरकवून बघत राहायचं. हाड आणि तळ यांच्यात बोटाच्या जाडीएवढं, साधारण एक-दीड सेंटिमीटर अंतर उरलं की व्हॉल्व्ह बंद. उतरून बघितलं तर गादी अगदी मरगळलेली दिसते, हिच्यात हवा आहे का असा प्रश्न पडतो. तीच योग्य हवा. आणि हो, पंपावरच्या कंप्रेसरची नळी चुकूनही लावू नका, शिवणी जातील. तोंडाने फुंकायची असते ही. भर हायवेला हेल्मेट काढून सीटला तोंड लावून फुंकणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात ते अनुभवण्यासारखं आहे.

एवढं जमलं की फरक खरा आहे. माझ्या बाईकच्या मूळ सीटवर तिसऱ्या तासाला चुळबुळ सुरू व्हायची, गादी लावल्यावर पेट्रोल संपेपर्यंत बूड हा विषय डोक्यात येत नाही. टाकी रिकामी होते तेव्हाच थांबायचं, हीच लांब राइडवाल्याची चैन. रात्री उशिरा, जेव्हा बाकी सगळं अंग कुरकुरायला लागलेलं असतं, तेव्हा तर हे जास्तच जाणवतं. व्हायब्रेशनही बऱ्यापैकी कमी पोचतं, विशेषतः सिंगल सिलिंडर बाईकला.

आता कटकटी. पहिली म्हणजे हवा हवामानानुसार वागते. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ मिलिबारच्या आसपास असतो, ३००० मीटर उंचीवर तो ७०० च्या आसपास येतो. गादीत कोंडलेली हवा तेवढीच, बाहेरचा दाब तीस टक्के कमी, म्हणजे घाट चढत गेलात की गादी आपोआप फुगते आणि टणक होते, वर पोचेपर्यंत दुखायला लागतं आणि माणूस शिव्या गादीला घालतो. वर थोडी हवा सोडायची, आणि खाली उतरल्यावर परत भरायची, हे दुसरं लोक विसरतात आणि मग सपाट झालेल्या रबरावर बसून शंभर किलोमीटर जातात. उन्हाचंही तेच, काळी गादी दुपारी उन्हात तापली की आतली हवा प्रसरण पावते. थांबल्यावर गादीवर जॅकेट टाकून ठेवायचं, साधा उपाय.

दुसरी, बाईकचा फील बदलतो. सीटमधून मागच्या टायरचं जे काही कळत असतं ते थोडं पुसट होतं, पहिल्या काही वळणांना आपण बाईकपेक्षा अर्धा सेकंद उशिरा वळतोय असं वाटतं. सरळ हायवेला काहीच फरक नाही, पण दिवसभर वळणावळणाचा रस्ता असेल तर मी सरळ काढून ठेवतो. कच्च्या रस्त्यावर सारखं फुटपेगवर उभं राहायचं असेल तर आणखी वैताग, दर वेळी बसताना गादी थोडी सरकते, पट्ट्या कितीही आवळा. उंचीही दोनेक सेंटिमीटर वाढते, ज्यांचे पाय आधीच जेमतेम टेकतात त्यांनी सिग्नलला आणि उतारावर जपून.

तिसरी पावसाची. कव्हर जाळीचं असल्याने वाऱ्याने लवकर सुकतं, कोरड्या दिवसात खालून हवा खेळते त्यामुळे घामही कमी, हा मोठाच फायदा. पण पावसात थांबलात तर कप्प्यांच्या मधल्या खळग्यांत पाणी साचतं, आणि परत बसलं की पचाक. रेनपँट असेल तरी तो थंड शिडकावा नको वाटतो. बसायच्या आधी गादीवर दोन-चार थापा मारून पाणी उडवायचं, तेवढंच.

बाकी पर्यायांशी तुलना थोडक्यात. जेल पॅड मी कुणाला सुचवत नाही, सुरुवातीला गारेगार वाटतं पण उन्हात तापलं की उष्णता धरून बसतं आणि ते बराच वेळ तसंच राहतं. लाकडी मण्यांचं कव्हर दिसायला गावठी पण लांब राइडवाल्यांमध्ये फार लाडकं, हवा खेळती राहते, पावसाचं पाणी निथळून जातं, पंक्चर व्हायला काही नाही, आणि किंमत कमी. घाम ही तुमची मुख्य तक्रार असेल तर आधी मणीच घ्या. मेंढीचं कातडं कोरड्या थंड हवेत स्वर्ग, भिजलं की ओझं. आणि ज्याला हे दरवर्षी करायचंय त्याने शेवटी आपल्या मापाची कस्टम सीटच करून घ्यावी. आयर्न बट रॅली ११ दिवसांची असते, साधारण ११,००० मैल, तिथल्या अनेक बाईकवर अशा खास बनवलेल्या रुंद सीट असतात, आणि त्यावर वर काही बांधायची वेळ येत नाही. गादीचा एक फायदा मात्र कस्टम सीटला नाही, ती बाईक बदलली तरी तुमच्याबरोबर येते.

आता एक गोष्ट, जी विकणारे सांगत नाहीत. गादी घ्यायच्या आधी नेमकं कुठे दुखतंय ते ओळखा. दोन बाजूंच्या हाडांवर दुखत असेल तर ही गादी तुमच्यासाठीच आहे. माकडहाडाला दुखत असेल तर तुम्ही पोक काढून बसताय, हँडलबार लांब किंवा खाली आहे, रायझर (हँडलबार वर उचलणारा जोड) लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्यात काम होतं. सारखे टाकीकडे घसरत असाल आणि पुढच्या बाजूला मुंग्या येत असतील तर सीटचा उतार पुढे आहे, त्यावर गादी टाकलीत तर त्रास वाढेल. आणि त्वचा सोलवटली असेल, पुरळ आलं असेल, तर दोष कपड्यांचा. जीन्सची जाड शिवण अगदी नको त्या ठिकाणी येते, सुती अंडरवेअर घाम पिऊन ओली राहते. घाम बाहेर टाकणाऱ्या सिंथेटिक कापडाची, शिवणी बसायच्या जागेपासून लांब असलेली लांब शॉर्ट घ्या. सायकलिंगची पॅडवाली शॉर्ट बऱ्याच जणांना चालत नाही, ते पॅड सायकलच्या अरुंद सीटसाठी आणि वाकून बसण्यासाठी असतं, बाईकवर त्याच्या कडा टोचतात.

गुडघ्यांसाठी गादी थोडी मदत करते, उंची वाढल्याने गुडघ्याचा कोन जरा मोकळा होतो, पण हायवे पेगवर (पुढे लावलेले जादा फुटपेग) पाय लांब करायची मजा वेगळी. आणि थकवा सगळा बुडातूनच येत नाही हेही लक्षात ठेवा, १०० च्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९५ डेसिबलच्या आसपास पोचतो, दिवसभर तो कानावर आदळला की संध्याकाळी माणूस नुसता बधिर होतो, इअरप्लग गादीच्या मानाने फुकटच म्हणायचे आणि त्यांनी पडणारा फरक तेवढाच मोठा.

टिकण्याबद्दल: माझी अजून शाबूत आहे, कव्हरचा रंग उडालाय, एका पट्टीचं बकल बदलावं लागलं. व्हॉल्व्हचं तोंड मात्र जपा, ते बाजूला बाहेर आलेलं असतं आणि पाय टाकताना बुटात अडकतं, म्हणून ज्या बाजूने चढता त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा. साइज निवडताना मोठी म्हणजे चांगली असं नाही, सीटच्या कडेबाहेर लोंबणारी गादी मांडीला आतून घासते, सीटची रुंदी मोजून घ्या. मागच्या माणसासाठी छोटी मिळते, तीही घ्याच, कारण पिलियनला तर हँडलबारचाही आधार नसतो आणि पहिली तक्रार तिकडूनच येते. पॅच किट सोबत ठेवा, चिकटवायच्या आधी जागा नीट पुसून कोरडी करा, आणि पॅच लावल्यावर लगेच बसू नका, गोंदाला वेळ द्या.