डिलिव्हरी ॲपमधल्या फसवणूक रोखणाऱ्या सोयी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी ज्या प्लॅटफॉर्मसाठी जेवणाच्या ऑर्डर पोहोचवतो, त्याने आठ महिन्यांपूर्वी चालकांच्या ॲपमध्ये काही नव्या सोयी आणल्या. ऑर्डर हाती देताना ग्राहकाकडून चार आकडी पिन घ्यायचा, दारात ठेवलेल्या ऑर्डरचा फोटो काढायचा, बँक खाते बदलल्यास ७२ तास पैसे काढता येणार नाहीत आणि कंपनीचा फोन ॲपच्या आतूनच येईल, असे त्यांचे स्वरूप आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम घेत नाही.

या सोयी येण्यापूर्वी मी स्वतः फसलो होतो. एक ऑर्डर स्वीकारून मी हॉटेलकडे निघालो असताना ग्राहकाच्या बाजूने फोन आला. बोलणाऱ्याने आपण सपोर्टमधून बोलत असल्याचे सांगितले आणि हॉटेलचे नाव, ऑर्डरमधले पदार्थ, माझे नाव हे सगळे अचूक सांगितले. ते अचूक असणारच होते, कारण ऑर्डर त्यानेच टाकलेली होती. ही ऑर्डर संशयास्पद आहे, ती रद्द करून भरपाई तुमच्या खात्यात जमा करतो, फक्त आता येईल तो कोड वाचून दाखवा, असे तो शांतपणे म्हणाला; आणि मी गाडी एका पायावर तोलत, हेल्मेटमध्ये फोन खुपसलेल्या अवस्थेत, सहा आकडे वाचून दाखवले. त्या कोडने त्याने माझ्या खात्यात प्रवेश केला, माझ्या बँक खात्याच्या जागी दुसरे खाते जोडले आणि तातडीने पैसे काढण्याची सोय वापरून आठवडाभराची कमाई नेली.

यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ग्राहकाचा आणि चालकाचा खरा नंबर एकमेकांना दिसू नये म्हणून प्लॅटफॉर्म मधला नंबर वापरतात आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे चालकाला येणारा प्रत्येक फोन सारखाच दिसतो. पलीकडे ग्राहक आहे, कंपनी आहे की भामटा, हे ओळखायला हातात काहीच उरत नाही.

म्हणूनच ॲपमधून येणारा कंपनीचा कॉल मला पटला. तो आला की पडद्यावर कंपनीचे चिन्ह आणि संबंधित तक्रारीचा क्रमांक दिसतो, त्यामुळे साध्या फोनवर कोणी स्वतःला सपोर्ट म्हणवू लागला की तो खोटा, एवढा सरळ नियम मनाशी ठेवता येतो. दुर्दैवाने कंपनीच हा नियम मोडते. गेल्या दोन महिन्यांत नव्या योजनेची माहिती द्यायला मला दोनदा साध्या नंबरावरून फोन आला आणि तो खरोखरच कंपनीचा निघाला.

सर्वांत उपयोगी बदल मात्र जाहिरातीत नव्हताच. पूर्वी संदेशात नुसता ‘तुमचा कोड’ असे लिहून आकडे येत. आता ‘बँक खाते बदलण्यासाठी हा कोड मागवला आहे, तुम्ही मागवला नसल्यास कोणालाही सांगू नका’ असे लिहून येते. चौथ्या महिन्यात पुन्हा तसाच फोन आला. समोरचा भरपाईबद्दल बोलत होता आणि पडद्यावर बँक खाते बदलण्याचा मजकूर होता. मी फोन ठेवला. ती ऑर्डर मी सोडली म्हणून माझा पूर्तीचा टक्का (स्वीकारलेल्या ऑर्डरपैकी पूर्ण केलेल्यांचे प्रमाण) घसरला आणि तो पूर्ववत करून घ्यायला तीन दिवस पाठपुरावा करावा लागला, हेही नमूद करतो. कोडऐवजी पासकी, म्हणजे फोनमध्येच साठवलेली आणि बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणारी डिजिटल किल्ली, दिली असती तर फोनवर वाचून दाखवण्यासारखे काही राहिलेच नसते, पण ती सोय आमच्या ॲपमध्ये अजून नाही.

७२ तासांच्या बंदीचा त्रास मला एकदा झाला. मी स्वतःच बँक बदलली आणि तीन दिवस उसने पैसे घेऊन गाडीत इंधन भरले. तरीही ही बंदी काढू नये, कारण चोराला घाई असते आणि ही सोय नेमकी तीच अडवते. तिच्यात एक भोक मात्र आहे. खात्याचा मोबाइल नंबर आधी बदलला गेला असेल, तर बँक बदलल्याची सूचना नव्या नंबरावरच जाते. ती जुन्या नंबरावरही जायला हवी.

पिनमुळे ‘ऑर्डर मिळालीच नाही’ या खोट्या तक्रारी थांबल्या आहेत. पिन घेतलेल्या एकाही ऑर्डरवर माझ्याविरुद्ध तशी तक्रार आलेली नाही. ‘दारात ठेवा’ म्हणणाऱ्यांच्या बाबतीत पुरावा फक्त फोटोचा, आणि उंच इमारतीत जीपीएस शेजारच्या इमारतीवर सरकते. त्यामुळे दाराचा क्रमांक आणि पिशवीवरचे बिल एकाच चौकटीत येईल असा फोटो मी काढतो आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवतो.

टीपच्या फसवणुकीला या सोयींनी हातही लावलेला नाही. ऑर्डर लवकर उचलली जावी म्हणून मोठी टीप दाखवायची आणि जेवण मिळाल्यावर ती कमी करायची, हे आजही बिनदिक्कत चालते. टीपच्या बाबतीत दोष नेहमी ग्राहकाचाच असतो असेही नाही. चालकांच्या टीपमधून कापलेल्या रकमेपोटी ॲमेझॉनने ६.१७ कोटी डॉलर भरावेत, अशी तडजोड अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये केली होती.

माझी खरी नाराजी दाद मागण्याच्या व्यवस्थेवर आहे. खोटी तक्रार आली की खाते आपोआप गोठते आणि उत्तर देतो तो चॅटबॉट. युरोपीय संघाच्या २०२४ च्या प्लॅटफॉर्म कामाविषयीच्या निर्देशात खाते रोखण्याचा किंवा बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यावा, असे म्हटले आहे आणि सदस्य देशांना त्यासाठी डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत आहे. आमच्या ॲपमध्ये माणसापर्यंत पोहोचण्याचे बटण ‘मदत’ या भागात चार पाने आत आहे. चोरीला गेलेल्या त्या आठवड्याच्या कमाईची माझी तक्रार तिथे आजही ‘तपासणी सुरू’ अशीच दिसते.