लॅपटॉप तापतोय: कूलिंग पॅड घ्यावा की पाठ उघडावी?

शेजारच्या वहिनींनी परवा विचारलं, "पोराचा लॅपटॉप तव्यागत तापतोय, तो खाली पंखे असलेला पॅड मागवू काय?" घर बेळगावच्या वडगावात, मागच्या खोलीत साड्या विणायचे दोन माग चालू, लॅपटॉप चार वर्षांचा आणि एकदाही न उघडलेला. म्हटलं, पैसे थांबवा, आधी पाठ उघडून बघू.

वॉरंटी संपलेलीच होती. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवली. स्क्रू लहानमोठे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपची चौकट काढून ज्याच्या त्याच्या जागी मांडले. पंखा स्वच्छ दिसत होता. पण पंखा आणि तांब्याच्या नळीला जोडलेल्या बारीक पट्ट्या यांच्या मधोमध सुताच्या पिसाची, म्हणजे मागावरून उडणाऱ्या तंतूंची, अख्खी घडी बसलेली. चिमट्याने ओढली तर फुलवातीसारखी सलग निघाली, रंग जांभळट. वहिनी म्हणाल्या, "ही तर दिवाळीच्या साड्यांची!"

आता पॅडचं. पॅड खालून गार हवा मारतो, पण आतली गरम हवा बाहेर पडायची वाटच बुजली असेल तर तो काय करणार? चार-पाच अंश उतरले तरी नशीब. उलट मागाच्या घरात पॅड हे सुताचं पीस आणखी आत ढकलतो. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीजवळ (लोखंड ओतायच्या कारखान्याजवळ) बसणाऱ्यांना तर मी पॅड सुचवतच नाही. तिथल्या धुळीत लोखंडाचा कीस असतो आणि सर्किटवर तो बसणं बरं नव्हे. लॅपटॉप आतून स्वच्छ आहे, खाली जाळी आहे आणि तासन्‌तास गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग चालतं, अशांनी पॅड जरूर घ्यावा. खाली जाळीच नसेल तर फुकट खर्च. २०२० नंतरच्या एम-चिपवाल्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नसतो, तिथे साफ करायलाही काही नाही.

साफसफाई घरी करायची की दुकानात, हे हातावर आहे. नुसती धूळ काढायची तर घरी जमतं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं टूथपिकने अडवून धरा, भन्नाट फिरू दिलंत तर बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता तांब्याच्या नळीकडे पोचवणारा लेप, बदलायची असेल आणि हात नवखा असेल, तर सरळ दुकान गाठा. तीन-चार वर्षांत पेस्ट वाळून खडूसारखी होते, मग धूळ काढूनही तापमान उतरत नाही. बऱ्या पॅडच्या पैशांत साधारण हे काम होतं, फक्त समोर बसून करून घ्या. माझा एक लॅपटॉप एका दुकानात ठेवून आलो होतो. परत आला तेव्हा दोन स्क्रू कमी आणि पेस्ट जुनीच.

फुकटातला उपाय लोक विसरतात. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की बहुतेक लॅपटॉपवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. वेग थोडा घटतो, पण अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, टॅली यांना फरक कळत नाही. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. टास्क मॅनेजरही एकदा उघडून बघा, मागे काहीतरी उगाच प्रोसेसर खात असतं.

बेळगाव थंड, इथे कसला लॅपटॉप तापतोय, असं म्हणणाऱ्यांनी एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याच्या खोलीत बसून बघावं. ॲपल तर आपले लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच वापरा म्हणतं. तशा खोलीत कुठलाही उपाय अर्धाच; जड काम सकाळी उरकलेलं बरं.

एक गोष्ट मात्र यात धरू नका. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर बॅटरी फुगलीय. चार्जिंग बंद करा, दाबू नका, दुकानात न्या. नवा लॅपटॉप घ्यायचा विचार, पेस्ट बदलूनही साध्या कामाला तो ९५ अंशांवर जात असेल तेव्हा.

वहिनींच्या पोराचा लॅपटॉप व्हिडिओ बघताना ९० अंशांच्या वर जायचा, आता सत्तरच्या आत राहतो. पॅड मागवलाच नाही. गादीवर लॅपटॉप ठेवायला बंदी झाली, तेवढ्यावरून पोरगा माझ्यावर रुसलाय. जेवायचा पाट आता लॅपटॉपखाली, त्याच्या टेबलावर असतो.