केगला नायट्रोजन जोडला, त्याचा वापरानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, माझी ‘बिअर’ आलं, लिंबू आणि गुळाची, बिनदारूची. परवान्याशिवाय घरी दारू करणं महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आमच्याकडे तर कायद्याआधी आई आहे. केग (पेय दाबाखाली ठेवायचं धातूचं पिंप), नळ, गॅसचा दाब ठरवणारा रेग्युलेटर हा सरंजाम मात्र बिअरवाल्यांचाच.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, थोडं आम्ल होतं, आणि जिभेला चावा लागतो तो त्याचाच. नायट्रोजन त्यामानाने विरघळतच नाही म्हणा. म्हणून गिनेससारख्या स्टाउटला (काळसर, दाट बिअर) साधारण ७०-७५ टक्के नायट्रोजन आणि बाकी कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण लावतात. दाब ३०-३५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), नळात बारीक भोकांची चकती. त्यातून जाताना गॅस सुटतो आणि वर सायीसारखा फेस धरतो.

हेच मी आल्याला लावलं. दिसायला देखणं, बुडबुडे काचेच्या कडेने खाली उतरताना बघत बसावं. घोट घेतला की आलं मऊ, लिंबू गायब. परभणीहून आलेल्या आत्याने ग्लास खाली ठेवला, “ह्याचा गॅस गेलाय का रे?” गोळी सोड्यावर वाढलेल्या माणसाला नाकात झिणझिण्या लागतात, फेसाने भागत नाही. क्रीम फुलवायच्या पंपातला नायट्रस ऑक्साइडही लावून पाहिला. तो विरघळतो चांगला, पण आंबटपणा देत नाही. गुळाचं पेय आणखीच गोड लागतं.

खर्चाचं कुणी आधी सांगत नाही. नायट्रोजनचा सिलिंडर १५० बार दाबाच्या आसपास भरलेला येतो, रेग्युलेटर वेगळा लागतो. एमआयडीसीतल्या एका दुकानदाराने वेल्डिंगचाच गॅस “तेच असतंय” म्हणत गळ्यात मारायला बघितला. फूड ग्रेड, म्हणजे खाण्यापिण्यात चालणारा, आहे असं बिलावर लिहून घ्या.

आता आपला उन्हाळा. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहत नाही आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ वर. सिलिंडरमधला दाब चढतो, म्हणून तो सावलीत, हवेशीर जागी ठेवा. किती गॅस उरलाय हे दाबाच्या काट्यावरून कळत नाही, वजन करूनच बघा. पेय ४ अंशांवर हवं. शून्य अंशाला पाण्यात जितका गॅस मावतो, २० अंशाला त्याच्या निम्माच. लाइट जाऊन फ्रिज गरम झाला की दाब वाढवूनही फारसं हाती लागत नाही.

सध्या आल्याला साधा कार्बन डायऑक्साइड, २५-३० पीएसआय. नायट्रोजन फक्त कोल्ड कॉफीला, तिथे मात्र झकास. पण घरात कॉफी पिणारा मी एकटाच, त्यामुळे हा सिलिंडर संपला की परत भरून आणणार नाही.