दहा-बारा हजारांतली जुनी बास गिटार: यामाहा की आयबानेझ?

बडोद्यात गरबा पथकात किंवा भावगीतांच्या वाद्यवृंदात बास वाजवण्याची इच्छा असेल आणि हाताशी दहा-बारा हजारांहून अधिक रक्कम नसेल, तर अनोळखी बनावटीची नवी बास घेण्यापेक्षा नामांकित कंपनीची वापरलेली बास घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा वेळी यामाहाची टीआरबीएक्स १७४ आणि आयबानेझची जीएसआर २०० या दोन वाद्यांची तुलना आधी करावी.

वरवर पाहता दोन्ही सारख्याच आहेत. दोन्हींची स्केल, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, ३४ इंच; ही १९५१ साली आलेल्या फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बासने रूढ केली. दोन्हींवर नेकच्या (तारांखालच्या लांब दांड्याच्या) बाजूला प्रिसिजन पद्धतीचा दुभागलेला आणि ब्रिजच्या (खाली तारा अडकवलेल्या पट्टीच्या) बाजूला फेंडरच्याच जॅझ बासच्या पद्धतीचा पिकअप (तारांचे कंपन टिपणारा भाग) असतो. यामाहाला २४ फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आहेत, आयबानेझला २२. परंतु साथ करताना बासवादकाचा हात बहुतेक वेळ पहिल्या बारा फ्रेटांतच फिरतो, त्यामुळे या फरकासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये.

खरा फरक आतल्या सर्किटचा आहे. यामाहा पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीविना चालणारी, असल्यामुळे केबल जोडली की ती वाजते. आयबानेझमध्ये खर्ज वाढवणारे सर्किट असून ते ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. मोकळ्या मैदानावर, ढोल आणि कीबोर्डच्या गजरात, हा वाढीव खर्ज हवाहवासा वाटतो हे खरे. मात्र वाजवून झाल्यावर केबल जॅकमध्येच राहिली तर बॅटरी उतरत जाते आणि पुढच्या कार्यक्रमात ऐन वेळी आवाज फाटू लागतो. खर्ज अॅम्पवरही (ध्वनिवर्धकावरही) वाढवता येतो, म्हणून पहिलीच बास घेणाऱ्याने यामाहाला पसंती द्यावी.

ही पसंती दोन्हींच्या नेक सुस्थितीत असतील तरच लागू पडते. नेक वाकलेल्या यामाहापेक्षा नेक धड असलेली आयबानेझ केव्हाही चांगली. त्यासाठी सर्वांत जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबून धरावी व सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली पाहावे. तिथे साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे जाडसर कार्डाएवढी, फट दिसावी. फट मुळीच नसेल किंवा त्याहून पुष्कळ मोठी असेल, तर ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी तिच्या आतली सळई) फिरतो की जाम झाला आहे, हे विक्रेत्याच्या संमतीने किंचित फिरवून पाहावे. जाम असल्यास ते वाद्य भाव पाडूनही घेऊ नये. बडोद्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून फ्रेटांची टोके बाहेर येतात, म्हणून नेकच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवून ती टोचतात का, हेही बघावे.

त्यानंतर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून वाजवलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहावा. यातला फरक ब्रिजवरचे सॅडल (तार टेकते तो छोटा तुकडा) सरकवून दूर करता येतो, पण नवरात्रात रात्र-रात्र वाजलेल्या वाद्याच्या सॅडलचे बारीक स्क्रू घामाने गंजलेले असू शकतात आणि मग ते फिरतच नाहीत. नॉब फिरवताना होणारी खरखर मात्र किरकोळ असते. तारा गंजल्या असतील, तर नव्या संचाची किंमत भावातून वजा करून मागावी, कारण बासच्या तारा साध्या गिटारच्या तारांपेक्षा बऱ्याच महाग पडतात.

वाजवणारे मूल दहा-बारा वर्षांचे असेल, तर या दोन्ही बाजूला ठेवून आयबानेझचीच २८.६ इंच स्केलची मिक्रो पाहावी. लहान हाताला ती सहज पेलते. परंतु तिच्या जाड तारेला लांब नेकच्या बासइतका ताण आणि तितका स्पष्ट आवाज मिळत नाही, हे पालकांनी पैसे देण्यापूर्वी दोन्ही वाद्ये एकाच अॅम्पवर ऐकून समजून घ्यावे.