साइडिंग नवी, पण खरं काम कोपऱ्यांत होतं

आमच्या घराची साइडिंग, म्हणजे भिंतींवरचं बाहेरचं फळ्यांचं आवरण, जुलै २०२३ मध्ये बदलली. तेव्हाच लिहायचं होतं, पण मुद्दाम थांबले. नवी भिंत पहिल्या दिवशी सगळ्यांनाच छान दिसते. तिची परीक्षा थंडीत होते, उंदीर ऊब शोधायला लागले की. आता दोन हिवाळे काढून झालेत, तेव्हा बोलायला हरकत नाही.

घर सेंट्रल न्यू जर्सीत, १९८६ चं, चारही बाजूंनी सीडरच्या फळ्या. २०११ मध्ये घेतलं तेव्हा त्या लाकडावरच भाळलो होतो. पक्षी भिंतीला भोकं पाडतोय असं आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "पक्षी? भिंतीला? अगं, भिंत कसली आहे तुझी?" आमचं देवरुखचं घर जांभ्याचं. तिथे वानरं कौलं फोडायची, उंदीर माळ्यावर असायचे, एकदा मोरीतून नानेटी आली होती. पण भिंतीतून कोणी येईल, हे कोणाच्या डोक्यातही यायचं नाही. इथली भिंत म्हणजे बाहेर फळी, मग पुठ्ठ्यासारखा एक थर, मग कापसासारखं इन्सुलेशन, मग आतला जिप्सम बोर्ड. हे आईला समजावण्यात एक रविवार गेला आणि शेवटपर्यंत तिला काही ते पटलं नाही.

सुरुवात भुंग्यांनी केली. एप्रिल लागला की काळे भुंगे वळचणीपाशी घोंघावायचे. जो अंगावर येऊन तोंडासमोर लटकतो तो नर, त्याला नांगीच नसते. तो आपल्याला घाबरवत असताना मादी मागे अर्ध्या इंचाचं, कंपासने काढल्यासारखं गोल भोक पाडते, आत काटकोनात वळते आणि लाकडाच्या रेषेने बोगदा खणत जाते. खाली भुसा पडतो. मी पाच-सहा वर्षं तो भुसा इमानेइतबारे झाडत राहिले, भोकाचं काही केलं नाही. पण बोगद्यात अळ्या असतात, आणि अळ्यांचा पत्ता सुतारपक्ष्याला विचारावा लागत नाही. त्याने फळी उभी चिरली. ती चीर करड्या खारीने कुरतडून मुठीएवढी केली. म्हणजे एकाने दार किलकिलं केलं, दुसऱ्याने उघडलं आणि तिसरी सामान घेऊन राहायलाच आली. घराच्या विम्याला फोन केला, तर पक्षी, उंदीर आणि किडे यांनी केलेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही, असं अगदी गोड आवाजात कळलं.

२०२१ च्या शरदात आम्ही पहिली चूक केली. फक्त मागची भिंत, कारण भोकं तिथेच जास्त, आणि स्वस्तात मस्त म्हणून व्हायनल, म्हणजे प्लास्टिकची साइडिंग. त्या कंत्राटदाराचं नाव इथे घेत नाही. माणूस वाईट नव्हता, दोन दिवसांत काम उरकून गेला. व्हायनलला भुंगे शिवत नाहीत हे खरं आहे. पण त्याच डिसेंबरात डोक्यावर खुडबुड सुरू झाली. खार दिवसा पळते, ही खुडबुड रात्री दोनची. पेस्ट कंट्रोलवाले महिन्याला येत, सापळे लावत, मेलेले उंदीर नेत आणि बिल देत. जवळजवळ वर्षभर आम्ही उंदरांची वर्गणी भरली म्हणा ना.

मग एकदा त्यांच्याकडून नेहमीच्या माणसाऐवजी एक म्हातारेसे गृहस्थ आले. ते माळ्यावर गेलेच नाहीत. मागच्या भिंतीच्या कोपऱ्याशी गुडघ्यावर बसले आणि मला म्हणाले, इथे खालून बोट घाला. बोट घातलं तर सगळं आत गेलं. व्हायनलची कोपऱ्याची उभी पट्टी आतून पोकळ असते, नळीसारखी, आणि खालून उघडी. जमिनीपासून थेट छपरापर्यंत जिना. खिशातली पेन्सिल काढून ते म्हणाले, ही जिथे जाते तिथे उंदीर जातो. पाव इंच पुरतं त्याला. माझ्या घरी असे दोन जिने मी पैसे देऊन बसवून घेतले होते. त्या गृहस्थांनी तांब्याची जाळी चुरगळून आत कोंबली. लोखंडी काथ्या गंजतो आणि फोम उंदीर कुरतडतात, म्हणून तांबं. पंधरा मिनिटांचं काम. त्या आठवड्यापासून खुडबुड निम्म्यावर आली.

पूर्ण मात्र थांबली नाही, बाकीच्या तीन भिंती अजून भोकं पडलेल्या सीडरच्याच होत्या. त्यात मार्च २०२३ मध्ये आणखी एकाची भर पडली. घराच्या दर्शनी बाजूला फ्लिकर आला. हा तपकिरी, पोटावर काळे ठिपके असलेला सुतारपक्षी. एरवी जमिनीवरच्या मुंग्या खाणारा, पण घरट्यासाठी त्याला आमच्या पाहुण्यांच्या खोलीची भिंत पसंत पडली. आम्ही प्लास्टिकचं घुबड लावलं. चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या. तो घुबडाच्या डोक्यावर बसलेला फोटो माझ्याकडे आहे. मे महिन्यात आत अंडी होती. १९१८ च्या फेडरल कायद्याने या पक्ष्यांना संरक्षण आहे, तेव्हा अंडी-पिल्लं असलेल्या घरट्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. अंडी उबायला बाराएक दिवस, पिल्लं उडायला आणखी साडेतीन-चार आठवडे. तेवढ्या काळात आम्ही कोटेशनं घेतली. पाहुणे हॉलमध्ये झोपले.

चार जण आले. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराला राज्याकडे नोंदणी करावी लागते. तो नंबर १३व्हीएच असा सुरू होतो आणि सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. एकाकडे तो नव्हता, त्याला चहासुद्धा विचारला नाही. दोघे टॅब्लेटवर रंग दाखवत बसले. चौथ्याने शिडी मागितली. वर जाऊन भुंग्यांची भोकं मोजली, खाली येऊन विचारलं की आवाज कुठल्या महिन्यात येतो, दिवसा की रात्री. तिथेच माझं ठरलं, जरी त्याचा आकडा सगळ्यांत वर होता. साइडिंग इथे 'स्क्वेअर'मध्ये मोजतात, एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. आमचे भरले २४. जुनं काढणं, कचऱ्याचा डंपस्टर, कडेच्या पट्ट्या आणि वळचण धरून ४१ हजार डॉलर. पूर्ण घराला व्हायनलचे कोणी २४ हजार सांगितले होते. नवरा दोन दिवस गप्प होता.

फळी घेतली फायबर सिमेंटची, जेम्स हार्डीची. इथे सगळे तिला नुसतं 'हार्डी'च म्हणतात. सिमेंट, वाळू आणि लाकडाचा लगदा एकत्र दाबलेली १२ फुटी फळी. बोट ठोकून बघितलं तर आवाज पाटीसारखा. भुंग्याला त्यात पोखरण्यासारखं काही नाही, सुतारपक्ष्याला खाण्यासारखं काही नाही, खारीच्या दाताला लाकूड लागत नाही. जड मात्र आहे. आडवी धरली तर स्वतःच्याच वजनाने मोडते, म्हणून दोघे जण ती उभ्या कडेवर धरून नेतात. फळीवर ३० वर्षांची आणि रंगावर १५ वर्षांची वॉरंटी आहे. सीडरला दर चार-पाच वर्षांनी स्टेन लावण्याचा खर्च मी मनातल्या मनात वजा केला, आणि नवरा पुन्हा बोलायला लागला.

पण फळीचं एवढं कौतुक केलं तरी मुद्दा वेगळाच आहे. आमच्याच गल्लीत एकांनी हीच फळी लावली आणि पैसे वाचवायला वळचणीची लाकडी पट्टी तशीच ठेवली. भुंगे पुढच्या एप्रिलला नेमके तिथे हजर. आमच्या माणसाने फळीपेक्षा जास्त वेळ कडांवर घालवला. वळचणीची आणि खिडक्यांभोवतीची प्रत्येक लाकडी पट्टी काढून पीव्हीसीची बसवली. कोपऱ्यांना दोन सपाट पट्ट्या एकमेकींना चिकटवून, आत पोकळी नाही. वळचणीखालच्या जाळीदार पत्र्यामागे पाव इंची तारेची जाळी. एसीच्या पाइपाभोवती तांब्याची जाळी आणि वरून सीलंट. कपड्यांच्या ड्रायरची हवा भिंतीतून बाहेर पडते त्या तोंडाला जाळी लाव म्हटलं, तर नाही म्हणाला. तिथे धाग्यांचा भुगा अडकून आग लागू शकते, म्हणून झाकणाचं तोंड बसवलं. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर ठेवली. माझी हायड्रेंजियाची माती त्यासाठी उपसावी लागली. तेवढं एक मला आवडलं नाही.

जुनी सीडर निघाली तेव्हाचं दृश्य विसरणार नाही. खालचा काळा दाबलेला पुठ्ठा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला होता. भिंतीच्या आत अक्रोडांची टरफलं, पक्ष्याची पिसं आणि माझ्या मुलीचा हरवलेला एक मोजा. तो मोजा तिथे कसा गेला, हे आजतागायत कोडं आहे. खारीसाठी आठवडाभर आधी एकदिशा दार लावलं होतं, बाहेर जाता येतं, परत येता येत नाही. जुलै त्यासाठी बरा, कारण पहिली वीण मोठी झालेली असते आणि उन्हाळ्याअखेरची अजून व्हायची असते. आत पिल्लं कोंडली तर काय वास सुटेल, ते क्रूच्या मुकादमाने मला इतकं रंगवून सांगितलं की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

याच मुकादमाची एक गोष्ट मला सगळ्यांत आवडली. शेवटची भिंत बंद झाल्यावर, भर दुपारी, तो माळ्यावर गेला, दिवे घालवले आणि वीस मिनिटं अंधारात नुसता बसून राहिला. बाहेरून कुठे उजेड शिरतोय ते बघायला. जुलैत त्या माळ्यावर भट्टीच असते. घामाने निथळत उतरला आणि म्हणाला, तीन जागा राहिल्यात. त्या तीन जागा सापडल्या नसत्या तर ४१ हजारांची फळी शोभेची झाली असती. त्याला मी कोकम सरबत दिलं. त्याने आधी वास घेतला, मग दोन ग्लास प्यायला.

तक्रारी आहेत. दुसऱ्या दिवशी एका पोऱ्याने साध्या करवतीने अंगणात फळ्या कापायला सुरुवात केली. फायबर सिमेंटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसाला वाईट, आणि त्याच्या तोंडावर नुसता रुमाल. शेजाऱ्यांची काळी गाडी पांढरी झाली. मी ओरडल्यावर तिसऱ्या दिवशी धूळ ओढणारी करवत आली. म्हणजे ती होती, फक्त ट्रकमध्ये होती. पन्हळ परत बसवताना उतार उलटा दिला आणि पहिल्या पावसात पाणी दारातच. त्यासाठी फोन करून करून तीन आठवडे गेले. शेवटचा हप्ता मी राखून ठेवला होता म्हणून आले, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळे पैसे कधीच आधी देऊ नका. फळीला मी पाचपैकी पाच देते, कामाला चार, फोन उचलण्याला दोन.

सीडर सुंदर होती, हेही कबूल करते. पावसात तिचा वास यायचा. नव्या भिंतीला कसलाही वास नाही, आणि करडा रंग एचओएने, म्हणजे इथल्या घरमालकांच्या सोसायटीने, दोनदा नाकारल्यावर तिसऱ्यांदा जो मंजूर झाला तो मला अजूनही थोडा सरकारी कचेरीसारखा वाटतो.

दोन हिवाळ्यांत माळ्यावर एकही सापळा उडाला नाही. पेस्ट कंट्रोलची वर्गणी बंद केली. फ्लिकर दर वसंतात येतो, धुराड्याच्या पत्र्याच्या टोपीवर पहाटे पावणेसहाला ड्रम वाजवतो आणि जातो. मागच्या डेकचा कठडा तेवढा जुन्या लाकडाचाच आहे. या एप्रिलला त्याच्या खालच्या बाजूला मी हात फिरवला, तर सहा भोकं लागली. मुकादमाला फोटो पाठवलाय, अजून उत्तर नाही.