उज्ज्वला योजनेचा गॅस, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातून : पाचपैकी तीन तारे

शेगडीबद्दल तक्रार नाही. पहाटे चहा दोन मिनिटांत होतो, पावसाळ्यात ओलं सरपण फुंकत बसावं लागत नाही आणि सासूबाईंचा खोकला कमी झालाय. इतकं चांगलं.

दोन तारे कापले ते टाकी भरून आणण्याच्या त्रासासाठी. कागदावर घरपोच, पण गाडी डांबरी रस्त्यावरच थांबते. तिथून साडेचार किलोमीटर जंगलातून. १४.२ किलो गॅस, वर लोखंडाचं वजन, म्हणजे जवळपास तीस किलो सायकलला बांधून आणायचं. नाल्याला पाणी असलं की तेही नाही. एकदा धाकटा दीर रिकामी टाकी घेऊन गेला, तर "गाडी आलीच नाही, सोमवारी या." सोमवारी दुसरं कारण. मजुरी बुडाली ती वेगळीच.

सबसिडीचे ३०० रुपये खात्यात येतात खरे, पण आधी पूर्ण पैसे मोजावे लागतात. आमच्या हातात रोकड असते ती मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत. भाद्रपदात कुठून आणायची? सरपण मात्र रानात फुकट, वेचायला बायकांची पाठ आहेच!

त्यामुळे भात, आंबील चुलीवरच. गॅस पाहुण्यांसाठी नि आजारपणात. नवीन घेणाऱ्यांनी पाच किलोच्या दोन छोट्या टाक्या मागाव्यात. योजनेत तो पर्याय आहे, दुकानदार आपणहून सांगत नाहीत. छोटी टाकी डोक्यावरून आणता येते.