कैद्यांसाठीची मोफत कायदा सेवा : कोर्ट फी माफ, पण कागदपत्रे कन्नडमध्येच

आमच्या नात्यातील एक तरुण सीमाभागातील एका तुरुंगात कच्चा कैदी असताना त्याच्या मोडलेल्या हातावर वेळेत उपचार झाले नाहीत. त्याबद्दल सरकारकडून नुकसानभरपाई मागायचे ठरले, तेव्हा घरच्यांना पहिली धास्ती कोर्ट फीची होती. कारण कर्नाटकात पैशाच्या दाव्याची फी मागितलेल्या रकमेवर ठरते आणि खानापूर तालुक्यातील हे घर रताळी व दुधावर चालते.

ही धास्ती कायदा सेवा प्राधिकाराने दूर केली, हे मी सर्वांत आधी नमूद करतो. १९८७ च्या कायद्यातील कलम १२ प्रमाणे कोठडीतील कोणतीही व्यक्ती या सेवेस पात्र असते, तिला उत्पन्नाची अट नाही. दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य असल्याचे मात्र प्राधिकाराला पटावे लागते. अर्ज तुरुंगातूनच गेला, वकीलपत्रावर मुलाची सही आणि खाली अधिकाऱ्याचा शिक्का झाला, आणि फीसाठी कोणी एक रुपयाही मागितला नाही. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यापासून गरीब कैद्यालाही फी पूर्ण माफ होत नाही. तेथील संघीय जिल्हा न्यायालयाची ३५० डॉलरची फी त्याच्या तुरुंगातील खात्यातून, आदल्या महिन्याच्या जमेच्या वीस टक्के अशा हप्त्यांनी कापली जाते, आणि दावा फेटाळला तरी ती कापणी थांबत नाही. त्यापुढे आपली व्यवस्था मला निःसंशय अधिक न्याय्य वाटते.

नेमून दिलेल्या वकीलबाई तळमळीच्या होत्या. माझी तक्रार कागदपत्रांबद्दल आहे. दोषारोपपत्र, दवाखान्याचा अहवाल आणि दाव्याचा मसुदा, सारेच कन्नडमध्ये. मुलगा शिकला मराठी शाळेत. वकीलबाईंनी भेटीच्या वेळी मसुदा मराठीत समजावून सांगितला, तेव्हा त्यानेच दाखवून दिले की हात मोडल्याची आणि दवाखान्यात नेल्याची तारीख एकच पडली आहे. सगळा दावाच मधल्या दिवसांबद्दलचा होता! त्या दिवशी त्याने न वाचता सही केली असती, तर दाव्यात काही उरलेच नसते.

कोर्ट फीइतकाच प्रमाणित नकला आणि कागदपत्रांच्या भाषांतराचा खर्चही या मोफत सेवेत येतो, हे आम्ही गेलो त्या कार्यालयात कोणी सांगितले नाही, आणि विचारल्यावर तशी सोय नसल्याचे उत्तर मिळाले. सीमाभागातील मराठी कैद्याच्या बाबतीत भाषांतर ही फीमाफीइतकीच मूलभूत गरज आहे. ती एखाद्या वकिलाच्या चांगुलपणावर सोडणे मला मुळीच मान्य नाही.

तरीही ही सेवा जरूर घ्यावी. अर्जात भाषांतराची मागणी लेखी करावी. घटनेच्या कलम ३५० नुसार शासनाच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मराठीतही मांडता येते. माहितीसाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. दिवाणी दाव्याऐवजी उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट अर्ज (मूलभूत हक्कांच्या भंगाविरुद्ध थेट दाद मागणारा अर्ज) करता येईल का, हेही वकिलांना विचारावे, कारण त्याची फी रकमेवर ठरत नाही, आणि निर्दोष सुटूनही चौदा वर्षे डांबलेल्या रुदुल शाह यांना सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये भरपाई दिली ती रिट अर्जावरच.